मेळावा उठल्यावर

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा त्याची अवजड यंत्रं दूरच्या अनेक गावांहून आली. त्यांतली दोन नावं सुरुवातीलाच सांगायला हवीत. एक रशियातलं, उरल पर्वतालगतचं स्वेर्दलोव्स्क, आताचं येकातेरिनबुर्ग. तिथला उरालमाश हा यंत्रांचा कारखाना जगप्रसिद्ध होता. दुसरं युक्रेनच्या पूर्वेकडच्या दोनबास भागातलं क्रामातोर्स्क. दोन्हीकडची यंत्रं इथं शेजारी शेजारी बसली, आणि ती बसवायला आलेल्या माणसांना दुर्ग-भिलाईच्या लोकांनी एकाच नावानं ओळखलं: रशियन. कोण उरलचा, कोण दोनबासचा, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्यांनीही बहुधा कधी सांगितलं नसेल.

२०२२ च्या फेब्रुवारीपासून या दोन गावांचे देश एकमेकांशी लढताहेत. ८ एप्रिल २०२२ ला क्रामातोर्स्कच्या रेल्वे स्टेशनवर गाव सोडून निघालेल्या लोकांची गर्दी होती. तिच्यावर क्षेपणास्त्र पडलं आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यांत मुलंही होती.

शांतता आणि मैत्रीसाठी भरणाऱ्या तरुणांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यांवरची प्रस्तावना युद्धापासून सुरू झालेली काही वाचकांना खटकेल. पण दुर्गमध्ये बसून या विषयावर लिहिताना दुसरी प्रामाणिक सुरुवात मला दिसत नाही. इथं मैत्री हा शब्द फलकावर आहे, बागेच्या नावात आहे, गावाच्या जन्मकथेत आहे. ‘भारत-सोव्हिएत मैत्रीचं प्रतीक’ हे वाक्य इथल्या शाळकरी मुलांना पाठ असतं. त्या मैत्रीतला एक पक्ष, सोव्हिएत संघ, १९९१ मध्ये नकाशावरून गेला आणि त्याचे दोन मोठे तुकडे तीस वर्षांनी एकमेकांवर तुटून पडले. मग त्या मैत्रीचं काय झालं? ती खोटी होती का? पुढच्या पानांत ज्या मेळाव्यांची, शिबिरांची, छावण्यांची माहिती येणार आहे, त्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला हवा. मेळावा उठल्यावर मागं काय राहतं?

आधी भिलाईची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. म्हणजे भिलाईची पहिली कागदपत्रं नागपूरच्या कचेऱ्यांतून फिरली आणि त्या कचेऱ्यांत मराठी कारकुनांची, अधिकाऱ्यांची मोठी भरती होती. भोसल्यांच्या राज्यापासून छत्तीसगडात मराठी वस्ती होतीच. इंग्रजी अमलात तिच्यात वकील, मास्तर, रेल्वेचे बाबू यांची भर पडली. कारखाना निघाला तसे भंडारा-गोंदिया-नागपूरकडचे तरुण मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी डोंगरगड, राजनांदगाव मागं टाकत इथं उतरू लागले. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. करारापासून चार वर्षं आणि दोन दिवस. भाताची खाचरं, बाभळी आणि तळी असलेल्या मुलखात दहा लाख टन पोलादासाठी आखलेल्या कारखान्याची पहिली भट्टी इतक्या अवधीत पेटली.

हे काम कुणी केलं? सोव्हिएत तज्ज्ञांचे प्रमुख होते वेनियामिन दिम्शित्स. त्यांच्या हाताखाली शेकडो तंत्रज्ञ होते. आपल्याकडून पंजाबी, मल्याळी, तेलुगू, बंगाली, उडिया, बिहारी, मराठी अशी सगळ्या प्रांतांची पोरं होती. त्यांतली कित्येक नुकती मिसरूड फुटलेली, काहींनी त्याआधी घरचा जिल्हाही ओलांडला नव्हता. त्यांतल्या शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी सोव्हिएत देशातल्या पोलाद कारखान्यांत पाठवलं गेलं. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या मुलखातला मुलगा उणे वीसमध्ये भट्टीपुढं उभा राहून काम शिकला, आणि तिकडचा फोरमन छत्तीसगडच्या मे महिन्यात इकडच्या भट्टीपुढं. दुभाषी थोडे होते. बरंचसं बोलणं हातवाऱ्यांनी, आराखड्यांवर पेन्सिल टेकवून आणि एकमेकांच्या भाषेतल्या वीस-पंचवीस शब्दांवर भागत असे.

माझं मत स्पष्ट आहे. शांतता-मैत्रीच्या नावानं भरलेला असा एकही मेळावा मला ठाऊक नाही, जो भिलाईच्या या पहिल्या वर्षांइतका लांबला आणि खोल गेला. त्याला कुणी मेळावा म्हटलं नाही. त्याला गीत नव्हतं, बोधचिन्ह नव्हतं. मैत्रीबाग बऱ्याच नंतर, १९७२ मध्ये आली. आज तिथं लोक पांढरे वाघ आणि रंगीत कारंजं बघायला जातात. पण मैत्री जिथं खरोखर घडली ती जागा बागेच्या फाटकाआड नाही, ती आहे रूळ लाटणाऱ्या गिरणीत. भारतीय रेल्वेच्या रुळांखेरीज त्याचा दुसरा पुरावा मागायची गरज नाही.

तरुणांना देशोदेशींहून एकत्र आणायची कल्पना जुनी नाही. पहिल्या महायुद्धानं एक अख्खी पिढी खंदकांत गाडली आणि त्यानंतर ती सुचली. १९२० या एकाच वर्षी तिची दोन वेगवेगळी रूपं दिसली, आणि ती दोन्ही आजवर चालू आहेत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात स्काउटांची पहिली जागतिक जांबोरी भरली. चौतीस देशांची सुमारे आठ हजार मुलं, गणवेश, निशाणं, कवायती, प्रात्यक्षिकं. ते होतं मेळाव्याचं रूप. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी फ्रान्समध्ये वेर्दंनजीक एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात मूठभर माणसं फावडी घेऊन आली. ते होतं छावणीचं रूप.

या दुसऱ्या रूपाचा जनक पिएर सेरेसोल. स्वित्झर्लंडच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, शिक्षणानं अभियंता. लष्करी कर भरायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला. त्याचं म्हणणं असं होतं की शांततेवर परिषदा खूप झाल्या. आता युद्धानं जे पाडलं ते, काल ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या त्यांनीच बरोबर राहून पुन्हा बांधावं. म्हणून त्याच्या तुकडीत मुद्दाम जर्मन तरुण घेतले होते. त्यांनी ढिगारे उपसले, राहुट्या बांधल्या, रस्ते नीट केले. पण गावकऱ्यांना जर्मन डोळ्यांसमोर नको होते, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांची मुलं, भाऊ तिथल्याच मातीत होते. विरोध वाढला आणि काही महिन्यांत छावणी उठवावी लागली.

म्हणजे जगातली पहिली आंतरराष्ट्रीय श्रमछावणी अर्ध्यावर मोडली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. शांततेच्या कामाचा इतिहास लिहिताना तो बहुतेक ठिकाणी घाईनं उरकला जातो, पण सेरेसोलनं त्यातूनच धडा घेतला. जिथं जायचं तिथल्या माणसांनी बोलावलं पाहिजे आणि काम त्यांच्या गरजेचं असलं पाहिजे. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था घडत गेली. १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला गेले तेव्हा सेरेसोल त्यांना भेटले. दोन वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ ला, बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. सेरेसोल आणि त्यांचे काही सोबती मुजफ्फरपूरकडच्या खेड्यांत येऊन राहिले आणि पाण्याखाली जाणारी गावं उंचवट्यावर नव्यानं वसवायच्या कामाला लागले. बिहारच्या त्या मदतकार्याचे प्रमुख होते राजेंद्र प्रसाद, म्हणजे पुढं पंचवीस वर्षांनी भिलाईची भट्टी पेटवायला आलेले तेच राजेंद्रबाबू. परक्या देशाच्या माणसानं आपल्या मातीत हात घालून काम करणं त्यांनी दोन्ही टोकांना पाहिलं होतं, एकदा फावड्यानं आणि एकदा क्रेननं.

मराठी मुलखात या छावणीचं बी पडलं ते वरोऱ्याजवळ. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ मध्ये आनंदवन सुरू केलं तेव्हा ती खडकाळ, झुडपी जमीन होती. सोबत होते थोडे कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय. गावातले लोक फिरकत नव्हते. आनंदवनातली भाजी विकत घ्यायलाही घाबरत होते. पहिल्या काही वर्षांतच सर्व्हिस सिव्हिलचे परदेशी स्वयंसेवक तिथं आले, कुष्ठरोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी विटा-माती वाहिली आणि पक्क्या इमारती उभ्या केल्या. दूर देशाची गोरी पोरं या माणसांबरोबर राबतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिलं आणि भीती ओसरायला लागली. आंतरराष्ट्रीय मैत्रीची ही उलटी वाट मला नेहमी विचारात पाडते. परदेशी आले ते भारतीयांशी मैत्री करायला, पण त्यांच्या येण्यानं दोन मैलांवरच्या भारतीयांची भारतीयांशी ओळख झाली.

बाबांनी तो धागा सोडला नाही. मूल गावाजवळच्या सोमनाथला १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू झाली, आणि मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून बांध घालायला, तळी खणायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली येऊ लागली. या छावणीनं मराठी सामाजिक जीवनाला किती कार्यकर्ते दिले याची मोजदाद अवघड आहे. १९८५ च्या डिसेंबरात पाठीच्या दुखण्यानं बसताही न येणारे बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडं निघाले ते शंभराहून जास्त सायकलस्वार तरुण-तरुणींना घेऊन. १९८८ मध्ये अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत पुन्हा तसंच. पंजाब तेव्हा जळत होता. ज्या देशात एका प्रांताचा मुलगा दुसऱ्या प्रांतात पाय ठेवायला घाबरत होता, तिथं भारत जोडायची भाषा ही शांततेच्या जागतिक गप्पांपेक्षा अधिक धाडसाची होती.

आता मेळाव्याकडं वळू, कारण त्याचा मोह मोठा आहे आणि त्याच्याविषयी कडवट होऊन भागणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १० नोव्हेंबर १९४५ ला लंडनमध्ये लोकशाहीवादी युवकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि १९४७ पासून त्याचे जागतिक युवक-विद्यार्थी महोत्सव सुरू झाले. प्राग, बुडापेस्ट, बर्लिन, बुखारेस्ट, वॉर्सा. आणि मग १९५७ मध्ये मॉस्को. २८ जुलै ते ११ ऑगस्ट, १३१ देश, ३४ हजार तरुण. घोषणा: शांतता आणि मैत्री. भारताचंही पथक होतं. राज कपूरचा ‘आवारा’ तीनच वर्षांपूर्वी तिकडं झळकला होता, त्यामुळं भारतीय दिसला की लोक गोळा होत. पाहुण्यांना उघड्या मालमोटारींतून लुझ्निकी स्टेडियमकडं नेताना रस्त्यावर इतकी गर्दी लोटली की मोटारी जागच्या जागी अडकल्या आणि उद्घाटनाला उशीर झाला. खिडक्यांतून, छपरांवरून, विजेच्या खांबांवरून माणसं हात पुढं करत होती. स्टालिनच्या काळात परदेशी माणसाशी बोलणं म्हणजे संकट ओढवून घेणं होतं. त्या पंधरवड्यात मॉस्कोकर रात्र रात्र चौकात उभे राहून परक्यांशी बोलत राहिले.

याच्या जेमतेम नऊ महिने आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते, म्हणजे ज्या शहरात हाच महोत्सव १९४९ मध्ये भरला होता तिथंच. महोत्सव हा त्या रक्तावर घातलेला फुलांचा गालिचा होता, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि ते खोटं बोलत नव्हते. पलीकडची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पाश्चात्त्य देशांनी आपली वेगळी जागतिक युवक संघटना काढली. १९५९ चा महोत्सव व्हिएन्नात, म्हणजे प्रथमच साम्यवादी देशांबाहेर भरला तेव्हा अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या पैशानं तरुण तिथं पाठवले गेले. त्याच खात्याचा पैसा अमेरिकेतल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला वर्षानुवर्षं मिळत होता, हे १९६७ मध्ये ‘रँपार्ट्स’ मासिकानं उघड केलं. दोन्ही बाजूंच्या सरकारांना तरुण हवे होते, आपापली निशाणं धरायला.

असं असूनही मॉस्कोचा तो पंधरवडा मी फुकट गेला म्हणणार नाही. सरकारनं मेळावा भरवला तो आपलं हसरं तोंड जगाला दाखवायला. पण एकदा दार उघडल्यावर कोण कुणाशी काय बोलेल यावर कुणाचाच ताबा राहिला नाही. मॉस्कोच्या तरुणांनी पोलिश चित्रकारांची अमूर्त चित्रं पाहिली, जाझ ऐकलं, बाहेरची वर्तमानपत्रं कशी असतात ते जाणलं. त्या पिढीतल्या कित्येकांनी पुढं लिहून ठेवलंय की त्यांच्या मनातली भिंत त्या उन्हाळ्यात तडकली. मेळावा भरवणाऱ्याच्या हेतूवरून मेळाव्याची किंमत ठरवू नये, असं मी म्हणतो ते यासाठी. जाणाऱ्यानं मात्र तो हेतू ओळखून जावं. २०२४ च्या मार्चमध्ये सोचीजवळच्या सिरियस इथं रशियानं पुन्हा जागतिक युवा महोत्सव भरवला, तेव्हा युक्रेनमध्ये तोफा चालू होत्या. आपल्याकडची काही मुलं गेली, कौतुकानं परत आली. त्यांनी जायला नको होतं असं मला म्हणायचं नाही. पण क्रामातोर्स्कचं नाव काढलं असतं तर तिथं काय झालं असतं, हा प्रश्न त्यांनी मनाशी विचारलेला असावा, एवढी अपेक्षा भिलाईच्या मुलांकडून तरी मी करतो. त्या गावाच्या यंत्रांवर आपल्या दोन पिढ्या जगल्या आहेत.

मॉस्कोत महोत्सव भरला त्याच १९५७ साली इकडं भूदानाच्या पदयात्रेत विनोबांनी ‘जय हिंद’च्या पुढचं पाऊल म्हणून ‘जय जगत’ म्हणायला सुरुवात केली. कोकणातल्या गागोद्याचा हा माणूस तेव्हा सहा वर्षं पायी चालत होता, दर रात्री नव्या गावात मुक्काम करत होता. त्याच्या तोंडी जगाचा जयजयकार शोभला, कारण मागं चाललेली जमीन होती. पुढं एस. एन. सुब्बाराव, सगळ्यांचे भाईजी, हीच घोषणा घेऊन राष्ट्रीय युवा योजनेची शिबिरं देशभर भरवत राहिले. चंबळच्या खोऱ्यातल्या जौऱ्याला त्यांचा आश्रम. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांपुढं डाकूंनी शस्त्रं टाकली ती तिथंच. २०२१ मध्ये भाईजी गेले. त्यांच्या शिबिरात हाफपँटमधला तो माणूस गात असे आणि मुलं मागून गात. सकाळी श्रमदान, संध्याकाळी सगळ्या भाषांतली गाणी. मुलांच्या शिबिरांत तर ते पाहुण्या मुलांना गावातल्या घरांत ठेवत, शक्यतो दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या घरात. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं त्याचा गाभाही हाच होता: एका प्रांताच्या मुलानं दुसऱ्या प्रांतातल्या आईच्या हातचं जेवावं.

घर, जेवण आणि काम या तीन गोष्टींपाशी मी पुन्हा पुन्हा येतो आहे, आणि त्याचं कारण छत्तीसगडच आहे. मैत्रीचं शास्त्र शिकायला या मुलखातल्या माणसाला कुठं बाहेर जायची गरज नाही. इथं मितान बदण्याची चाल आहे. दोन पुरुष किंवा दोन बायका, अनेकदा वेगवेगळ्या जातींच्या, देवाच्या साक्षीनं आणि दोन्ही घरच्यांच्या संमतीनं एकमेकांचे मितान होतात. जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांना भरवला तर ते एकमेकांचे महाप्रसाद. श्रावणातल्या भोजलीचे कोवळे पिवळे कोंब एकमेकींच्या कानामागं खोवले तर त्या एकमेकींच्या भोजली. गंगाजल, जंवारा, तुळशीदल असे आणखी प्रकार आहेत. त्या दिवसानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, त्या नात्याच्या नावानंच हाक मारायची. मितानाचे आईबाप ते आपले आईबाप. त्याच्या घरी लग्न निघालं तर आहेर न्यायचा, मयत झालं तर सुतक पाळायचं. हे नातं मुलानातवंडांपर्यंत चालतं. खेड्यापाड्यांत आरोग्याचं काम करणाऱ्या बायकांच्या योजनेला छत्तीसगड सरकारनं २००२ मध्ये मितानिन हे नाव दिलं, त्यामागं ही सगळी पुण्याई आहे.

या चालीला जातिव्यवस्थेची चौकट होती, ती तिनं मोडली नाही, हे खरं. पण मैत्री म्हणजे मनाला वाटणारा ओलावा एवढंच नाही, ती जबाबदारी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साक्षीदारांसमोर घेतलेलं, पिढ्यान्‌पिढ्या फेडायचं काम. हे माप घेऊन मी मेळाव्यांकडं बघतो. सांगतेच्या दिवशी मुलं रडतात, बिल्ले बदलतात, नंबर घेतात. पुढच्या वर्षी त्यातल्या एखाद्याच्या देशात पूर येतो, सत्ता पालटते, युद्ध पेटतं. तेव्हा कोण कुणाला पत्र लिहितं? कोण कुणाच्या बाजूनं आपल्याच सरकारला चार शब्द सुनावतं? मितानीचा कस तिथं लागतो.

दुर्गच्या वाचकाला एवढ्यावर सोडून चालणार नाही, कारण परक्या देशांशी मैत्री करणाऱ्या या गावानं घरच्या माणसांशी ती नेहमी केली असं नाही. कारखान्यासाठी अनेक गावांची शेतं गेली. त्या गावांतल्या छत्तीसगडी माणसांनी पाहिलं की कायमच्या नोकऱ्यांत आणि सेक्टरांतल्या क्वार्टरांत देशभरचे लोक येऊन बसले आणि आपण ठेकेदाराच्या मजुरीवर राहिलो. ‘परदेसिया’ हा शब्द इथं रशियनांसाठी वापरला गेला नाही, तो आपल्यासारख्यांसाठी होता. त्यात मराठीही आले. कंत्राटी कामगारांना हक्काची भाषा देणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच झोपेत गोळी घालून खून झाला. पुढच्या वर्षी १ जुलैला रेल्वेमार्गावर बसलेल्या त्यांच्या सोबत्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि त्यात कामगार मेले. मैत्रीबागेपासून हे फार दूर घडलेलं नाही. इथल्या तरुणांनी जगाच्या शांततेवर बोलायला अवश्य जावं, पण या दोन तारखा बरोबर घेऊन जावं. त्यांना तिकडं श्रीलंकेचा, कोलंबियाचा, आयर्लंडचा कुणी भेटेल, त्याच्याही खिशात अशाच तारखा असतील, आणि खरं बोलणं तिथून सुरू होईल.

कोण जाऊ शकतं, हाही प्रश्न आहे. परदेशातल्या मेळाव्याला जायला पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, विमानाचं भाडं लागतं, आणि सगळ्यांत आधी अशा मेळाव्याची बातमी कानावर पडावी लागते. ती बातमी इंग्रजीत येते आणि मोठ्या शहरांतल्या ठराविक महाविद्यालयांत पोचते. कल्पना करा, धमध्याच्या किंवा पाटणच्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत ती पोचली तरी घरचे पाठवतील का? जवळच्याच गनियारी गावच्या तीजनबाईंनी ज्या वयात महाभारताची पंडवानी गायला तंबुरा उचलला, त्या वयात त्यांना समाजानं वाळीत टाकलं होतं. त्याच बाई पुढं भिलाईच्या कारखान्यात नोकरीला राहून देशोदेशीच्या रंगमंचांवर भीम आणि दुःशासन उभे करत आल्या, छत्तीसगडी सोडून दुसरी भाषा न वापरता. मेळाव्यांचे आयोजक भाषेच्या अटी घालतात तेव्हा मला त्यांची आठवण होते. निवडीच्या अर्जात इंग्रजीच्या जागी ‘आपल्या गावाबद्दल आपल्या भाषेत सांगा’ असं एकदा तरी विचारून बघायला हवं. कोण पुढं येतं ते कळेल.

पुढची पानं वाचताना म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. किती देश आले, किती हजार आले, कुणी उद्घाटन केलं, हे आकडे येतील. ते वाचा आणि पुढं जा. थांबा तिथं, जिथं कुणी कुणाच्या घरी राहिलं, कुणी कुणाबरोबर काही बांधलं, आणि जिथं भांडण झालं तिथं तर नक्कीच. सेरेसोलच्या पहिल्या छावणीत भांडण झालं नसतं तर दुसरी इतकी शहाणी झाली नसती.

आणि वाचून झाल्यावर दुर्गमध्येच काही करावंसं वाटलं तर काम समोर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या धमध्याला एके काळी ‘छै आगर छै कोरी’ तळी होती असं सांगतात, म्हणजे एकशे सव्वीस. गावाभोवती एकाला एक जोडलेली, एकाचं पाणी दुसऱ्यात उतरणारी. त्यांतली कित्येक बुजली, काहींवर घरं झाली, काही अजून गाळानं भरून पडलीत. गावातल्या लोकांनी काही तळी पुन्हा शोधून मोकळी करायचं काम हाती घेतलंय, म्हणजे बोलावणारेही आहेत आणि कामही त्यांच्या गरजेचं आहे. सोमनाथची छावणी पाहून आलेली माणसं इथून रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर आहेत. त्यांना विचारून मे महिन्यात, तळी आटलेली असताना, पंधरा दिवसांचं शिबिर घेता येईल. दहा-बारा परदेशी, तितकीच विदर्भातली मुलं-मुली आणि त्याहून जास्त धमध्याचीच. पहाटे पाच ते दहा गाळ उपसायचा, दुपारी सावलीत झोपायचं, संध्याकाळी गाणी म्हणायची. पाहुण्यांना शाळेच्या वर्गात ठेवायचं नाही, घरांत वाटून द्यायचं. सकाळी बोरे-बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि आंब्याची चटणी. त्यांत एखादा येकातेरिनबुर्गचा आणि एखादी क्रामातोर्स्कची आणता आली, तर खटपट करून जरूर आणावी. ती दोघं पहिल्या दिवशी एका ओळीत उभी राहणार नाहीत. त्यांना घाई करू नये. घमेली दोन वेगळ्या ओळींतून पुढं गेली तरी गाळ बाहेर पडतो.